ज्याच्या नावाने पंगत

दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये असा संकेत आहे. वाचकाच्या एका हातात अंक असतो, दुसऱ्या हातात चकली. अशा वेळी लेखकाने गोड बोलावे, निदान खुसखुशीत तरी बोलावे. पण मला जे बोलायचे आहे ते खाण्याविषयीच आहे आणि दानाविषयी आहे, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या घरांत दिवाळीतच सर्वांत जास्त होतात. तेव्हा हा फटाका याच दिवसांत उडवलेला बरा.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना पान उलटायला मोकळीक राहील. ज्याच्या नावाने पंगत मांडायची त्याला पंगतीत जागा नसेल, तर त्या जेवणाला दान म्हणू नये. मेजवानी म्हणा, करमणूक म्हणा, ओळखीपाळखी वाढवण्याचा समारंभ म्हणा. त्यात वाईट काही नाही. माणसांनी एकत्र बसून खावे, हसावे, नटावे. फक्त ‘दान’ हा शब्द तेवढा त्या टेबलावरून उचलून ठेवावा.

हा वाद ज्या रीतीवरून मला सुचला ती मुळात इंग्लंडची. तिकडे खेडोपाडी जुन्या जमीनदारांच्या अवाढव्य हवेल्या आहेत. भोवती शेकडो एकरांची हिरवळ, दर्शनी बाजूला दगडी खांब, आत छतापर्यंत सोनेरी नक्षी. गेल्या शतकात यांतल्या कितीतरी पाडल्या गेल्या. ज्या वाचल्या त्या पुष्कळशा डागडुजी करून, झुंबरे पुसून पुन्हा उभ्या केल्या आहेत. अशा एखाद्या हवेलीत दुपारी चारच्या सुमारास ‘धर्मादाय चहापान’ ठेवायची तिकडे चाल आहे. कोणी इस्पितळासाठी ठेवतो, कोणी अनाथ मुलांसाठी, कोणी दूरदेशच्या शाळेसाठी. माणशी तिकीट असते. टेबलावर तीन मजली तबकांची उतरंड येते: खाली कडा कापलेली इवलीशी सँडविचे, मध्ये स्कोन, जॅम आणि घट्ट साय, वर केक. मग एखादे छोटे भाषण, मग बक्षिसांची सोडत, मग टाळ्या, मग मोटारी.

आता तिकडे स्थायिक झालेली आपली मराठी मंडळीही असे चहा ठेवू लागली आहेत. आणि जे आपली माणसे तिकडे करतात ते दहा वर्षांत इकडे येते, हा अनुभव काही नवा नाही. आपल्याकडेही जुने वाडे दुरुस्त होऊन त्यांची हॉटेले होत आहेत. दिवाणखाना तयार आहे, कपबशा तयार आहेत, गरीब तर कायमचेच तयार आहेत. म्हणून आताच बोलते.

मी बालवर्गाला शिकवणारी बाई. मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही. रात्री मुलांच्या पाट्या-वह्या आवरून झाल्यावर कादंबऱ्या लिहिते. इंग्लंडला जाण्याचा योग आला तो धाकट्या बहिणीमुळे. ती रेडिंगला असते. गेल्या मे महिन्याच्या सुटीत तिने मला बोलावून घेतले, आणि मी तिथे असतानाच तिच्या मैत्रिणींच्या मंडळाने अशाच एका हवेलीत चहा ठेवला. हवेलीचे आणि मंडळाचे नाव मी सांगणार नाही, कारण माझे भांडण त्या बायकांशी नाही. त्या बायकांनी तीन दिवस पाव कापले, काकड्या चिरल्या, मेजपोश इस्त्री केले. नोकऱ्या सांभाळून, लेकरे सांभाळून केले. त्यांच्या कष्टांना मी नावे ठेवली तर माझी जीभ झडेल.

चहा होता तो आपल्याकडच्या खेड्यांतल्या मुलींना शाळेत पिण्याचे पाणी मिळावे म्हणून. दिवाणखान्याच्या एका भिंतीला एका मुलीचे मोठे छायाचित्र लावले होते. डोक्यावर घागर, पाय अनवाणी, मागे फुटलेली जमीन. टेबलांवर केक मांडलेले होते आणि प्रत्येक केकापुढे सुबक अक्षरांत एकेक चिठ्ठी होती: याचे नाव अमुक, यात अक्रोड आहे, यात अंडे आहे, यात गहू आहे. तिकडे या बाबतीत फार दक्षता बाळगतात आणि ती बाळगावीच. पण छायाचित्राखाली चिठ्ठी नव्हती. मी एक-दोघींना विचारले, ही मुलगी कुठली? नाव काय हिचे? कोणालाच ठाऊक नव्हते. केकांना नाव होते, मुलीला नव्हते.

बहिणीने मला पुढच्या टेबलाशी बसवले. “ताई, तू इथे बस. तुला बघून लोकांना बरं वाटेल,” ती म्हणाली. ती निर्मळ मनाने म्हणाली. पण त्या दिवाणखान्यात त्या मुलीच्या सर्वांत जवळची मीच, हे तिने बरोबर ओळखले होते. शेजारच्या बाईंनी माझी प्रेमाने चौकशी केली. तिकीट ३० पौंडांचे होते. त्यातले हवेलीचे भाडे आणि खाण्याचा खर्च वजा जाता पाण्यासाठी किती उरेल, असे मी हळूच विचारले. “अजून हिशेब व्हायचाय,” असे उत्तर आले. त्या दिवसापुरते ते खरेही असेल. पण सोडतीतली बक्षिसे किती आणि कोणाकोणाला, ते मात्र चहाचा पहिला पेला भरण्यापूर्वी सगळ्यांना पाठ होते.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही शब्दांचा कीस काढता; तिकिटाचे पैसे सत्कार्याला जातात, ते दानच. तर वाचकहो, हा कीस मी काढण्यापूर्वी इंग्लंडच्या कर खात्याने काढून ठेवला आहे. तिकडे ‘गिफ्ट एड’ नावाची व्यवस्था १९९० पासून चालू आहे. आयकर भरणाऱ्या माणसाने धर्मादाय संस्थेला १ पौंड दिला, तर आज त्या संस्थेला सरकारकडून वर २५ पेन्स मागून घेता येतात. पण तोच पौंड चहाच्या तिकिटापोटी दिला असेल तर त्यावर ही भर मिळत नाही. कारण साधे आहे. पैसे देऊन त्याच्या बदल्यात चहा, केक आणि खुर्ची घेतली, तर ती खरेदी झाली. म्हणजे तिकडचा कारकून ज्याला दान मानत नाही त्याला आपण दान म्हणून मिरवतो.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट आहे ती त्या हवेलीची. चहा हवेलीतच का? शाळेच्या सभागृहात का नाही? कारण हवेलीत बसले की प्रत्येकाला दोन तास जमीनदार झाल्यासारखे वाटते, आणि जमीनदाराच्या खुर्चीत बसूनच गरिबाला द्यायची खरी गोडी असते. म्हणून त्या खुर्च्या कुठून आल्या हे एकदा पाहिले पाहिजे.

चहाच्या पुढच्या आठवड्यात बहीण मला रेडिंगजवळची दुसरी एक हवेली पाहायला घेऊन गेली. तिचे नाव बॅसिल्डन पार्क. वर सांगितलेल्या चहाशी तिचा काही संबंध नाही. मी तिथे तिकीट काढून पाहुणी म्हणून गेले आणि मला तिथे कोणी दुखावले नाही. पण तिची कहाणी आपण सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे.

ही हवेली बांधली सर फ्रान्सिस साइक्स नावाच्या गृहस्थाने. तो क्लाइव्हचा आणि वॉरन हेस्टिंग्जचा स्नेही, ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. मुर्शिदाबादच्या नबाबाच्या दरबारी तो कंपनीचा रेसिडेंट होता आणि त्याने बंगालमध्ये अफाट पैसा केला. ‘मथौत’ नावाच्या एका पट्टीशी त्याचे नाव इतके चिकटले की मायदेशी लोकांनी त्याला त्या पट्टीवरूनच टोपणनाव ठेवले. १७७० मध्ये बंगालात भयंकर दुष्काळ पडला. साइक्स त्यापूर्वीच इंग्लंडला परतला होता. हेस्टिंग्जने १७७२ मध्ये वरिष्ठांना कळवले की, प्रांतातली निदान एक तृतीयांश माणसे त्या दुष्काळात गेली, आणि तरीही सारावसुली घटली नाही. मधले वर्ष १७७१. त्या वर्षी साइक्सने बॅसिल्डनची जहागीर विकत घेतली. १७७६ मध्ये यॉर्कचा वास्तुशिल्पी जॉन कार याच्या नकाशाप्रमाणे मधाच्या रंगाच्या दगडात हवेलीचे काम सुरू झाले.

पुढे ती दुसऱ्याच्या हाती गेली. १८३८ मध्ये जेम्स मॉरिसन या कापडाच्या बड्या व्यापाऱ्याने ती घेतली. विसाव्या शतकात ती बहुतेक काळ ओस पडली. १९२९ च्या सुमारास एका मालकाने ती सुटी करून दगडाविटांसकट अमेरिकेत नेऊन उभारून देण्याची जाहिरात केली. गिऱ्हाईक मिळाले नाही; पण आतली काही नक्षी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात जाऊन बसली. महायुद्धांत तिथे सैनिक राहिले. अखेर १९५२ मध्ये लॉर्ड आणि लेडी इलिफ या जोडप्याने ती पडीक हवेली घेतली आणि पंचवीसएक वर्षे खपून दुरुस्त केली. त्याच जॉन कारचा हात लागलेली लिंकनशायरमधली पँटन हॉल ही हवेली पाडली जात होती. तिचे दरवाजे आणि शेकोट्या आणून त्यांनी इथे बसवल्या. १९७८ मध्ये त्यांनी हे सारे नॅशनल ट्रस्टला देऊन टाकले. इतक्या मायेने घर सावरणाऱ्या माणसांविषयी मला आदरच वाटतो. आपल्याकडे वाडे ढासळताना पाहिले की हा आदर दुणावतो.

मात्र त्या दुरुस्त दिवाणखान्यातून हिंडताना माझ्या मनात आले, की या घराचा पहिला यजमान इथे कुठेच नाही. दगड आणणारा साइक्स आहे, नकाशा काढणारा कार आहे, दुरुस्त करणारे इलिफ आहेत. ज्याच्या शेतसाऱ्यावर पहिला दगड बसला तो बंगालचा रयत नाही. आणि हवेलीत जो चहा पितात त्यातही तो नाही. दुपारच्या चहाची ही चाल १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस बाईंनी पाडली असे सांगतात. आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम आला १० जानेवारी १८३९ ला. म्हणजे चाल आणि माल बरोबरीनेच वाढले. पाने खुडणाऱ्या बाईचे नाव मात्र किटलीवर कोणी घातले नाही.

तेव्हा धर्मादाय चहापानाला जुनी हवेलीच पसंत पडते यात नवल नाही. दोघींची रचना एकच. ज्याच्या जिवावर थाट, तो दारात नसला पाहिजे. हवेलीत पैसा देणारा नाही, चहात पैसा घेणारा नाही. अडीचशे वर्षांपूर्वी ज्याच्याकडून घेतले त्याच्याच पणतूच्या पणतूला आज दयेचा तुकडा टाकायचा, आणि तोही त्याच छताखाली बसून, तोंडाची साय पुसत. माझा आक्षेप रागाचा नाही. हे असे दिसते, एवढेच मी सांगते.

इथे एक गोष्ट इंग्रजांच्या बाजूने सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकांगी ठरेन. नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ मध्ये निघाली तेव्हा तिच्या तीन संस्थापकांत ऑक्टेव्हिया हिल ही बाई होती. लंडनच्या गरीब वस्तीतल्या घरांसाठी तिने जन्म वेचला. शहरातल्या कोंदट खोल्यांत राहणाऱ्यांना श्वास घ्यायला मोकळी जागा राखून ठेवावी, ही तिची तळमळ. श्रीमंतांच्या हवेल्या ताब्यात घेण्याची योजना पुढची, १९३७ च्या कायद्यानंतरची. आणि याच संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये अहवाल काढून आपल्या ताब्यातल्या ९३ वास्तूंचा वसाहतींच्या आणि गुलामगिरीच्या पैशांशी असलेला संबंध जाहीरपणे सांगितला. तिकडे त्यावर गदारोळ झाला. घरात बसून घराचा जुना हिशेब वाचायला धैर्य लागते. तेवढे धैर्य आपल्या चहा ठेवणाऱ्या मंडळांनी या वर्षाच्या हिशेबापुरते दाखवले तरी पुरे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा, की मुलींना पाणी मिळाल्याशी कारण. कोण कुठे बसून काय खातो याच्याशी त्यांना काय कर्तव्य? हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण ज्याला टेबलाशी बसवले नाही त्याला विचारलेही जात नाही, हे मी शाळेत राहून पाहिले आहे. शाळेला हवे असते पाणी, येतात दप्तरे. कारण दप्तरांचे छायाचित्र चांगले निघते. हवी असते मुलींच्या न्हाणीघराला कडी, येतो रंगवलेला फलक. देणारा वाईट नसतो. त्याला मागणाऱ्याचा आवाज ऐकूच आलेला नसतो, कारण मागणारा चार हजार मैलांवर भिंतीवरच्या चौकटीत उभा असतो. मी कादंबऱ्या लिहिते, म्हणून हे मला कळते. जे पात्र पानावर कधीच येत नाही, नुसते त्याच्याविषयी बोलले जाते, त्याला लेखक हवे तसे रंगवू शकतो. त्याला हट्ट नसतो, मत नसते, नावडती भाजी नसते.

दुसरा आक्षेप अधिक चलाखीचा आहे. माणूस स्वभावतः स्वार्थी. चहाकेकाचे आमिष दाखवले नाही तर तो खिशात हात घालत नाही. हे म्हणणाऱ्यांनी आपल्याच मुलखाचा इतिहास वाचावा. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा. एका पैशात कोणी चहा दिला नाही, हवेली दाखवली नाही. त्या पैशापैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत. त्या मुलांच्या ताटात भाकरी पडावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा दिले. त्यांना बदल्यात कोणी तीन मजली तबक आणून दिले नव्हते.

पण थांबा, इथे आपली छाती फुगण्याआधी दुसरी बाजूही ऐका. भरल्या पोटाला वाढण्यात आपण इंग्रजांचे गुरू शोभू. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात दक्षिणा वाटली जाई. दूरदूरचे ब्राह्मण त्यासाठी गोळा होत आणि त्यावर लाखांनी रुपये खर्च होत. ज्याने पिकवले तो कुणबी त्या कोटाबाहेर. इंग्रजी अंमल आल्यावर १८२१ मध्ये त्या निधीतल्या काही पैशांतून पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेही दार आरंभी एकाच जातीला उघडे होते. शहाणपण सुचले ते जोतीराव फुल्यांना. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव-सावित्रीबाईंनी धनकवडीला बालाश्रम काढला, तिथे उपाशी पोरे स्वतः जेवत होती. पुण्यवंतांच्या भोजनाचा हिशेब पोरांच्या खात्यावर मांडलेला नव्हता. म्हणून हा वाद इंग्रज विरुद्ध मराठी असा नाही. हा वाद ताट कोणापुढे, एवढाच आहे.

तो माझ्यापर्यंत कसा आला तेही सांगते. मी परत आल्यावर त्याच मंडळाचे मला पत्र आले. पुढचा चहा तुमच्या शाळेतल्या पाण्याच्या टाकीसाठी ठेवू, असे त्यांनी आपुलकीने लिहिले होते. आमच्या शाळेत टाकी नाही. पोरे घरून बाटल्या आणतात. दुपारनंतर त्या रिकाम्या होतात आणि उन्हाळ्यात मी पोरांना खेळू नका म्हणून दटावते, कारण खेळले की तहान लागते. तेव्हा ते पत्र वाचून मला किती आनंद झाला असेल, ते सांगायला नको. खाली एक ओळ होती: मुलांचे एक छायाचित्र पाठवावे, शक्यतो अनवाणी.

आमच्या वर्गातल्या बहुतेक पोरांच्या पायांत चपला आहेत. आईबापांनी उसाच्या तोडीवर राबून घेतलेल्या आहेत. त्या पोरांना “चपला काढून उन्हात उभे राहा रे, साहेबलोकांना दाखवायचे आहे,” असे मी सांगायचे होते. मी कळवले: छायाचित्र मिळणार नाही. टाकीचा खर्च, गवंड्याची मजुरी, नळाची किंमत, सगळे पै-पैसह पाठवते. मुलांनी स्वतः काढलेली चित्रे पाठवते. मुलांची नावेही पाठवून द्यायला त्यांच्या आया तयार आहेत. त्या दिवशी चहाला बसाल तेव्हा तेवढी वाचून दाखवा. यावर उत्तर आले नाही. पुढचा चहा दुसऱ्या कोणा शाळेसाठी झाला असे बहिणीकडून कळले. तिथल्या बाईंनी पोरांच्या चपला काढल्या असतील तर मी त्यांना दोष देणार नाही. तहानेपुढे मान मोडते, हे मी रोज बघते.

आमची टाकी अजून झालेली नाही. हे मी लपवत नाही. माझ्या नकाराची किंमत माझ्या पोरांनी दिली आहे आणि गावात मला त्याबद्दल बोल लावणारे आहेत. एक आजी मला म्हणाल्या, “बाई, पायाला ऊन लागलं असतं, पण घसा तर ओला झाला असता.” त्या आजीच्या तोंडावर द्यायला माझ्याजवळ उत्तर नाही. पण ज्यांनी ही निवड आजींवर आणि माझ्यावर आणली, त्यांना विचारायला प्रश्न आहे. पाणी हवे की मान, असे तुम्ही आपल्या स्वतःच्या लेकराला कधी विचाराल का?

मग चहा ठेवूच नये काय? जरूर ठेवावा. कसा ठेवावा याचा धडा इंग्लंडनेच घालून दिला आहे. १९६५ मध्ये लंडनमध्ये एक संस्था निघाली. आज तिचे नाव री-एंगेज. एकट्याने राहणाऱ्या पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्या माणसांना महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, कोणीतरी आपल्या घरी चहाला बोलावतो. एक जण मोटार घेऊन त्यांना आणायला जातो, दुसरा आपल्या घरी किटली ठेवतो. हवेली नाही, तिकीट नाही, सोडत नाही. ज्याच्यासाठी चहा, त्याच्याच हातात पेला. तो बोलतो, कुरकुरतो, साखर कमी म्हणतो, पुन्हा एक केक मागतो. स्कोन तेच, साय तीच. फरक एका खुर्चीचा. पण त्या एका खुर्चीने मेजवानीचे आतिथ्य होते.

ज्यांना दूरच्या कामासाठी हवेलीतच चहा ठेवायचा आहे, त्यांना एका बालवर्गाच्या बाईचे चार शब्द. तिकिटावर स्वच्छ लिहावे: इतका पैसा खाण्याचा, इतका भाड्याचा. दानाची पेटी वेगळी ठेवावी आणि तिच्याजवळ केक ठेवू नये. ज्याच्यासाठी जमलो त्याला काय हवे हे त्याच्याच शब्दांत, त्याच्या नावासह वाचून दाखवावे; नाव सांगायची त्याची इच्छा नसेल तर त्याचे चित्रही लावू नये. शेवटी जमा किती आणि खर्च किती हा कागद महिन्याभरात देणाऱ्याला पाठवावा आणि घेणाऱ्यालाही. आणि हवेलीचा इतिहास सांगायचाच असेल, तर पहिल्या दगडाचे पैसे कोणी भरले तिथून सुरुवात करावी.

आणि आपण, जे इकडेच आहोत? आपल्याला हवेली मिळत नाही, म्हणून आपण सुटलो असे नाही. येत्या चार दिवसांत कितीतरी मंडळे फराळाची पाकिटे घेऊन अनाथाश्रमांत जातील. पाकीट देताना पोराला कॅमेऱ्याकडे बघायला लावतील. पोर लाडवाकडे बघत असते. त्याची मान धरून वळवतील. वाचकहो, तुमच्या घरातून कोणी जाणार असेल तर त्याला एवढेच सांगा, की कॅमेरा घरी ठेव आणि तिथे सतरंजीवर त्या पोरांबरोबर बसून दोन चकल्या तूही खा. पोराचे नाव विचार आणि तुझे सांग. आणि ज्या बाई रोज तुमची भांडी घासून जातात, त्यांना फराळ पिशवीत बांधून दारातून देण्याऐवजी, एकदा आत बोलावून, पाटावर बसवून, ताट वाढून पाहा. ताट वाढून झाले की आपणही शेजारी पाट मांडून बसावे.